दूरचा दुकानदार

आठवड्याचा बाजार भरला म्हणजे गावाबाहेरचे मैदान सकाळपासूनच गजबजून जाते. कोणी भाजीचे वाटे मांडतो, कोणी घोंगड्यांची थप्पी लावतो, कुंभार आपली मडकी एकेक करून खाली उतरवितो. मडके घेणारी बाई ते हातात घेते, बोटाने वाजवून पाहते, उन्हाकडे धरून त्यात भेग आहे की काय हे न्याहाळते आणि मगच पैसे मोजते. इतके करूनही घरी नेल्यावर मडके गळू लागलेच, तर पुढच्या बाजारच्या दिवशी ते घेऊन ती त्याच झाडाखाली येते. कुंभार तिला ओळखतो, ती कुंभाराला ओळखते, आणि दोघांचे बोलणे ऐकायला आजूबाजूला दहा माणसे उभी असतात. त्या दहा जणांदेखत कुंभार सहसा खोटे बोलत नाही. त्याला पुढल्या आठवड्यातही तेथेच बसायचे असते. बाईही उगाच कांगावा करीत नाही. तिलाही त्याच गावात राहायचे असते.

मराठेशाहीत पेठांमधून शेटे व महाजन या नावांचे वतनदार असत. पेठेची व्यवस्था पाहणे आणि देण्याघेण्यावरून उठलेल्या तंट्यांत लक्ष घालणे, हा त्यांच्या कामाचा भाग होता. ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. गरीब कुणब्याचा शब्द आणि धनवंत सावकाराचा शब्द एकाच काट्यावर तोलला जाईलच, याची शाश्वती तेव्हाही नव्हती. तरीपण एक गोष्ट खरी की, भांडणारे दोघे जण एकमेकांच्या डोळ्यांसमोर उभे असत आणि ज्या वस्तूवरून भांडण, ती वस्तू दोघांच्या मध्ये पडलेली असे.

आज लक्षावधी माणसे ज्या बाजारात खरेदी करतात त्याला ना मैदान, ना झाड, ना आजूबाजूची दहा माणसे. मोबाइलच्या काचेवर चित्र दिसते, खाली किंमत दिसते, बोट टेकविले की पैसे जातात आणि चार दिवसांनी पुडके दाराशी येते. घेणारा नागपुरात, देणारा येवल्यात. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. व्यवहार सुरळीत झाला तर हे अंतर जाणवतही नाही. तंटा उभा राहिला की मात्र ते एकदम जाणवू लागते.

एक उदाहरण घ्यावे. नागपूरच्या एका शिक्षिकेने मुलीच्या लग्नासाठी येवल्याच्या एका विणकराकडून पैठणी मागविली, असे समजा. काचेवरच्या चित्रात साडीचा रंग पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा होता, आणि मुलीचा हट्ट डाळिंबी रंगाचाच होता. लग्न तीन आठवड्यांवर आले होते. पुडके आले ते संध्याकाळी. घरातील सगळी मंडळी भोवती जमली, कागद सुटला, दिव्याच्या उजेडात घडी उलगडली, आणि पाहतात तो काय, साडी जांभळी! मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. शिक्षिकेने वर्षभर महिन्याकाठी थोडे थोडे बाजूला टाकून हे पैसे साठविले होते. तिने त्याच रात्री विणकराच्या दुकानाच्या पानावर मोठ्या संतापाने लिहिले, “हा माणूस फसवा आहे. डाळिंबी रंग दाखवितो आणि जांभळी साडी पाठवितो. कोणीही याच्याकडून काही घेऊ नये.”

तिकडे येवल्यात विणकराने ते शब्द वाचले. त्या एका पैठणीसाठी तो आणि त्याची पत्नी कित्येक आठवडे मागावर बसली होती. पदरावरचे मोर एकेक धागा हाताने भरून उठविले होते. त्याने डाळिंबी साडी म्हणून जी दाखविली तीच पाठविली होती. फसविल्याचा आळ आयुष्यात प्रथमच आला होता, आणि तोही साऱ्या जगाला वाचता येईल अशा जागी. त्याला त्या रात्री झोप आली नाही. येथे दोघांमध्ये लबाड कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर काय उत्तर द्यावे?

या उदाहरणाचा शेवट पाहण्यापूर्वी असल्या तंट्यांचा थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९९५ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिद्यार या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने इंटरनेटवर एक लिलावाचे पान सुरू केले. कोणीही आपली वस्तू तेथे मांडावी आणि जो अधिक किंमत देईल त्याला ती विकावी, अशी ती योजना होती. पुढे ‘ई-बे’ या नावाने ती जगप्रसिद्ध झाली. तेथे अगदी आरंभी विकली गेलेली वस्तू मोठी गमतीची होती. ती म्हणजे लेझर किरणांचा एक मोडका दर्शक, व्याख्यान देताना फळ्यावर प्रकाशाचा ठिपका पाडण्याचे साधन. त्याला १४ डॉलर ८३ सेंट किंमत आली. ओमिद्यार यालाच नवल वाटले. वस्तू मोडकी आहे हे आपल्याला ठाऊक आहे ना, असे त्याने घेणाऱ्याला मुद्दाम लिहून विचारले. आपण मोडक्या दर्शकांचाच संग्रह करतो, असे घेणाऱ्याचे उत्तर आले! वस्तूचा दोष आपण होऊन सांगितला आणि समोरच्याने तो समजून घेतला, तेव्हा मोडक्या वस्तूच्या विक्रीतूनही तंटा निघाला नाही.

पण सगळेच व्यवहार असे गोडीगुलाबीने कसे पार पडणार? लवकरच ओमिद्यारकडे तक्रारींची पत्रे येऊ लागली. पैसे पोचले पण वस्तू आली नाही. वस्तू पोचली पण फुटलेली निघाली. दर वेळी न्यायाधीश होऊन बसणे त्याला शक्य नव्हते. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, अशी त्याची श्रद्धा होती. काही तशी नसतात, हेही त्याला कळून चुकले होते. म्हणून १९९६ च्या फेब्रुवारीत त्याने एक युक्ती काढली. व्यवहार झाल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याविषयी आपले मत उघडपणे लिहावे. चांगले असो की वाईट, ते सर्वांना वाचता यावे. बाजारात भोवती उभी राहणारी ती दहा माणसे या युक्तीने परत आली म्हणायची. फक्त ती आता दहा नव्हती, हजारो होती.

या युक्तीतही एक खोट निघाली. घेणाऱ्याने देणाऱ्याविषयी वाईट लिहिले की देणाराही उलट घेणाऱ्याविषयी वाईट लिही. या भीतीने कित्येक जण खरे सांगायचेच टाळू लागले आणि सगळीकडे खोट्या स्तुतीचा सुकाळ झाला. अखेर २००८ मध्ये ई-बेने नियम बदलला. विक्रेत्याने ग्राहकाविषयी वाईट मत नोंदवू नये, असे ठरले. विक्रेत्यांना हा अन्याय वाटला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. कारण ग्राहकांतही लबाड असतातच. नवी वस्तू ठेवून घेऊन जुनी परत पाठविणारे महाभाग आपल्याकडेही आढळतात.

उघड मत लिहिण्याने लोक सावध होतात, पण झालेला तंटा मिटत नाही. तो मिटविण्यासाठी १९९९ मध्ये एक प्रयोग झाला. ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ईथन कॅट्श या प्राध्यापकांचे, तंटे आणि संगणकविद्या यांचा एकत्र अभ्यास करणारे केंद्र होते. ई-बेवरील तंट्यांत मध्यस्थी करून पाहण्याचे या केंद्राने ठरविले. थोड्याच दिवसांत सुमारे २०० तंटे मध्यस्थाकडे आले. मध्यस्थाने ना कोणाला समोर बोलाविले, ना कोणाला शिक्षा सांगितली. तो दोघांनाही स्वतंत्रपणे पत्र लिही. एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळविताना त्यातील शिव्याशाप गाळून मुद्दा तेवढा पोचवी. तंटा नेमका कशाचा आहे आणि काय झाले म्हणजे समाधान होईल, हे तो प्रत्येकाला विचारी. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांतील पुष्कळसे तंटे अशा रीतीने पत्रापत्रीनेच मिटले.

यातून पुढे एक शहाणपण शिकायला मिळाले. रागावलेल्या माणसाला कोरा कागद दिला तर तो प्रथम शिव्या लिहितो. त्याच माणसाला साधे प्रश्न विचारले, म्हणजे वस्तू मिळाली का, फुटली आहे का, वर्णनाशी जुळत नाही का, बदलून हवी की पैसे परत हवेत, तर तो उत्तरे लिहिता लिहिता विचार करू लागतो. आज तक्रार नोंदविताना जे प्रश्नांचे कोष्टक पुढे येते त्याच्यामागे हा अनुभव आहे. पुढे पुढे ई-बेवर वर्षाला ६ कोटींच्या घरात तंटे येऊ लागले, आणि त्यांतील फार मोठा भाग अशा प्रश्नोत्तरांतूनच, कोणा मध्यस्थाची गरज न पडता सुटू लागला.

आता आपल्या देशाकडे वळावे. ग्राहकाने एकट्याने न कुढता संघटित होऊन आपला हक्क मागावा, हा विचार महाराष्ट्रात तरी नवा नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे १९८६ मध्ये भारतात ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्या वेळी इंटरनेटवरचा बाजार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्याची दखल घेणारा नवा कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि २०२० च्या जुलै महिन्यात अमलात आला. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे स्वतंत्र नियमही लागू झाले.

या नियमांनुसार असा बाजार चालविणाऱ्या प्रत्येक कंपनीला एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व पत्ता सर्वांना दिसेल असा ठेवावा लागतो. तक्रार आली की ४८ तासांच्या आत ती पोचल्याचे त्याने कळविले पाहिजे आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावला पाहिजे. वस्तू सदोष निघाली, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसले, तर ती परत घेण्याचे विक्रेत्याला नाकारता येत नाही. आपणच ग्राहक असल्याची बतावणी करून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यासही त्याला मनाई आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला कळविता येते, आणि तेही मराठीत बोलून. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे असते. २०१९ च्या कायद्याने या बाबतीत एक फार मोलाची सोय केली आहे. पूर्वी तक्रार कोठे करायची हे विक्रेत्याच्या ठिकाणावरून किंवा तंट्याचे कारण जेथे घडले त्या जागेवरून ठरे, आणि पुष्कळदा त्या जागेवरूनच दुसरा वाद उभा राही. गडचिरोलीच्या माणसाने पंधराशे रुपयांच्या वस्तूसाठी दिल्लीच्या खेपा घालाव्यात काय? आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच त्याला तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. दोन्ही पक्ष राजी असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे सोपवू शकतो, कारण निकालाने एक जण जिंकतो, तर तडजोडीने दोघेही घरी जाऊ शकतात. ग्राहक अज्ञान वयाचा असेल तर त्याच्या वतीने आईवडिलांना किंवा पालकांना तक्रार करता येते. तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने साठविलेल्या पैशांतून घेतलेली क्रिकेटची बॅट मोडकी आली, तर कायद्याच्या दृष्टीने ती क्षुल्लक गोष्ट नव्हे.

मात्र आयोग असो की अधिकारी, दोघेही पुरावा मागतात. पावती, मागणीचा क्रमांक, विक्रेत्याने दाखविलेले मूळ चित्र, पुडके फोडताना घेतलेले चित्रण, आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार. ज्याने हे सारे जपून ठेवले त्याचे म्हणणे चार ओळींतही पटते; ज्याने फेकून दिले त्याला चार पाने लिहूनही सिद्ध करता येत नाही. पुडके आणून देणाऱ्या तरुणावर तोंडसुख घेण्यात तर काहीच हशील नाही. त्याने ना वस्तू बनविली, ना विकली; तो भरउन्हात जिने चढून आलेला असतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. खोटे दुकान मांडून पैसे घेऊन पसार होणाऱ्याशी किंवा बँकेचा गुप्त अंक विचारून खाते रिकामे करणाऱ्याशी झालेला प्रकार हा तंटा नव्हे. ती चोरी होय. तेथे मध्यस्थीला जागा नाही. तेथे क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे लागते.

नागपूरच्या पैठणीची गोष्ट तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने कंपनीकडे रीतसर तक्रार केली. प्रश्नांचे कोष्टक पुढे आले. ‘वस्तू फाटकी किंवा डागाळलेली आहे काय?’ नाही. ‘विणकामात दोष आहे काय?’ तिने साडी पुन्हा उलगडून पाहिली. पदर दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक होता. तिला तसे लिहावे लागले. ‘वर्णनाशी जुळत नाही काय?’ होय, रंग जुळत नाही. सोबत तिने दिव्याखाली घेतलेले साडीचे चित्र जोडले.

ते चित्र विणकराकडे गेले आणि ते पाहताच त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला. त्याने कंपनीमार्फत निरोप पाठविला, “ताई, उद्या सकाळी साडी खिडकीपाशी उन्हात धरा आणि हलकेच तिरपी करून पाहा. उभे धागे जांभळे आहेत, आडवे डाळिंबी आहेत. आमच्याकडे असेच विणतात. माझे चित्र सकाळच्या उन्हातले आहे.”

शिक्षिकेने तसे केले. साडी जरा तिरपी होताच जांभळ्यातून डाळिंबी रंग उसळून वर आला, जसा मोराच्या मानेवर निळ्यातून हिरवा येतो तसा. चित्र खोटे नव्हते. तिची तक्रारही खोटी नव्हती. चित्राने एकच बाजू दाखविली होती, आणि दुसरी बाजू असते हे चार शब्दांत लिहायचे विणकराला सुचले नव्हते. जन्मापासून जे डोळ्यांसमोर आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, हे माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

तिने उत्तर लिहिले, “भाऊ, रंग पाहिला. रात्री मी जे लिहिले ते लिहायला नको होते. पण लग्न रात्री आहे, आणि दिव्यांच्या उजेडात ही साडी जांभळीच दिसणार. मुलीचे मन डाळिंबीवर आहे.”

विणकराला वाद घालता आला असता. सांगितली तीच साडी दिली, असे त्याला म्हणता आले असते. आणि प्रकरण आयोगापुढे गेले असते तर निकाल कोणत्या बाजूला झुकला असता हे सांगणे सोपे नाही. पण त्याच्या शेजाऱ्याच्या मागावर उभ्याआडव्या दोन्ही धाग्यांची निखळ डाळिंबी पैठणी जवळजवळ पुरी होत आली होती. तिची किंमत थोडी कमी होती. त्याने तिची दोन चित्रे पाठविली, एक उन्हातले आणि एक दिव्याखालचे. पहिली साडी परत घेण्याचे, दुसरी शेजाऱ्याने पाठविण्याचे, फरकाची रक्कम परत देण्याचे आणि जाण्यायेण्याचा खर्च निम्मा निम्मा सोसण्याचे ठरले. रागाने लिहिलेले मत पुसून टाका, अशी अट मात्र विणकराने घातली नाही. पैशांच्या बदल्यात चांगले मत मागणारे विक्रेते असतात; तो त्यांतला नव्हता. शिक्षिकेने ते आपण होऊन बदलले, आणि आपली समजूत कोठे चुकली हेही त्यात लिहिले.

लग्नाच्या पाच दिवस आधी दुसरे पुडके आले. ते रात्री, दिव्याखालीच फोडण्यात आले.

परत आलेली पैठणी विणकराने पुन्हा आपल्या दुकानाच्या पानावर मांडली. आता तेथे एकाऐवजी दोन चित्रे होती, आणि त्यांच्याखाली त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने त्याच्यासाठी लिहून दिलेली एक ओळ होती : ‘ही साडी उन्हात डाळिंबी आणि दिव्याखाली जांभळी दिसते. दोन्ही पाहून घ्या.’